लैला की फरसबी

बागेच्या बाबतीत माझा अधिकार एवढाच की, गिरगावातल्या आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेल्या पाच डब्यांना मी रोज सकाळी पाणी घालतो. डबे म्हणजे डबेच. त्यांना कुंड्या म्हणणे ही शुद्ध खुशामत होईल. दोन तेलाचे, दोन रंगाचे आणि पाचवा कशाचा होता हे गंजाने कायमचे पुसून टाकलेले. त्यांत अनुक्रमे तुळस, मोगरा, कुंद, गोकर्ण आणि ओवा. पाणी चमचाभर जास्त झाले की ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर ठिबकते, आणि मग जे काही ऐकावे लागते त्यात वनस्पतिशास्त्राचा भाग फारच थोडा असतो.

असल्या माणसाला कोणी विचारले की, 'जिथे थंडी उणे पंचवीस अंशांपर्यंत उतरते अशा गावी घरापुढे कोणते फुलझाड लावावे?' तर त्याने काय करावे? शहाण्याने कानांवर हात ठेवले असते. मी उत्तर दिले. मास्तरकीचा धंदाच तसा. समोरून प्रश्न आला की काहीतरी उत्तर द्यायचेच, ही खोड वीस-बावीस वर्षांत हाडीमासी खिळली आहे. वर्गात ती खपून जाते. घरात खपत नाही, हे मला त्या निमित्ताने कळले.

प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा. लग्नानंतर ती कॅनडात गेली आणि आता ओटावा शहरात असते. २०२२ साली त्यांनी तेथे स्वतःचे घर घेतले. घरापुढे जमिनीचा एक तुकडा आहे. 'तुकडा' हा तिचा शब्द. फोटो पाहून आमच्या बिऱ्हाडातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात चौरस फूट मोजले, आणि हिच्या तुकड्यात आमच्या दोन्ही खोल्या मोरीसकट आरामात बसतील, असा निष्कर्ष निघाला. गिरगावातला माणूस मोकळी जमीन पाहिली की आधी तिच्यावर भिंती उभ्या करतो; झाड त्याला मागाहून सुचते.

त्या तुकड्यात, दर्शनी खिडकीखाली, एकच मोठे झुडूप मावेल अशी जागा होती. उमेदवार दोन. एकाचे नाव लायलॅक, दुसऱ्याचे फॉर्सिथिया. बहिणीला लायलॅक हवा होता, मेहुण्यांना फॉर्सिथिया. नवराबायकोंत असा तंटा पडला म्हणजे पंच शोधावा लागतो. तो जितका लांबचा आणि जितका अडाणी, तितका निःपक्षपाती. ह्या न्यायाने ते काम २०२४ च्या फेब्रुवारीत माझ्याकडे आले.

एरवी मी ते हसण्यावारी नेले असते. पण त्या खिडकीच्या आत खुर्ची टाकून आई बसत होती.

आई २०२३ च्या मे महिन्यात तिकडे गेली. पंच्याहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले आणि आमचे जिने लाकडी, उभे. बाजारातून तीन मजले चढून आली की ती पाण्याचा तांब्या नुसता हातात धरून पाच-पाच मिनिटे बसून राही. पाणी प्यायचेही त्राण नसे. 'सहा महिने ये, इथे जिना चढायला नको,' असे बहिणीने म्हटले आणि ती गेली. सहा महिने संपता संपता तिकडे बर्फ पडू लागले. 'आता एवढ्या थंडीत प्रवास नको, उन्हाळ्यात बघू,' असे ठरले. ह्या 'बघू'मध्ये किती वर्षे मावतात हे आम्ही तिघेही ओळखून होतो. बोलत कोणी नव्हते.

माझ्या आईचा दिवस फुलांनी सुरू होतो. पहाटे पाचला उठायचे, तोंड धुऊन परडी घ्यायची. आमच्या चाळीच्या अंगणात पूर्वी पारिजातक होता. पावसाळा सरत आला की त्याच्याखाली ती रात्रीच जुने धुतलेले लुगडे अंथरून ठेवी, आणि उजाडता उजाडता चारी कोपरे धरून ते उचली. मग चाळीतल्या प्रत्येक दारी ओंजळ-ओंजळ फुले पोचत. २०११ साली मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून अंगणाला फरशी झाली आणि झाड गेले. त्या दिवशी ती कोणाशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी कोठून तरी तेलाचे दोन रिकामे डबे घेऊन आली आणि गॅलरीत मोगरा व कुंद लागला. बाकीचे डबे पाठोपाठ आले. म्हणजे ज्या बागेचा माळी म्हणून मी वर मिरवून घेतले, ती मुळात तिची.

ओटावात उन्हाळा तिने मजेत काढला. शेजारी एक गोरी आजीबाई राहते; वय साधारण आईएवढेच. ती इंग्रजीत बोले, आई मराठीत, आणि दोघींचे व्यवस्थित चाले. पण नोव्हेंबरपासून दार बंद झाले. पहाटे पाचला उठायची सवय काही सुटेना. उठून करायचे काय? तोडायला फूल नाही. दुकानात मिळणारी फुले मेणासारखी, शिवाय त्यांची किंमत ऐकून ती देवासाठीदेखील घेऊ देईना. फुलाच्या जागी अक्षता वाहायची आणि खिडकीशी बसायचे. एकदा मी फोनवर विचारले, "काय करतेस दिवसभर?"

"पांढरं बघते," ती म्हणाली.

तेव्हा खिडकीखाली काय लावायचे, ह्या प्रश्नाला एवढे वजन होते. आईने मात्र त्या दोन झाडांची नावे आपल्या सोयीची करून घेतली होती. लायलॅक म्हणजे 'लैला' आणि फॉर्सिथिया म्हणजे 'फरसबी'. "काय ठरलं तुमचं, लैला की फरसबी?" असे ती अधूनमधून विचारी, आणि "तुला कोणतं हवं?" असे कोणी उलट विचारले की म्हणे, "मला काय, कुठलंही लावा." आईच्या तोंडचे 'मला काय' हे दोन शब्द ज्यांनी आयुष्यात एकदा तरी ऐकले आहेत, त्यांना मी अधिक काही सांगायला नको.

मी अभ्यासाला लागलो. शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंकडून एक जाडजूड पुस्तक आणले, बहिणीने तिकडून पानेच्या पाने पाठवली, आणि आठ दिवस मी दोन्ही स्थळांची चौकशी केली. स्थळेच म्हणतो; कारण फोटो, कुळ, शील, प्रकृती, 'माणसे कशी आहेत' हे सगळे पाहणे त्यात आले.

लायलॅक मूळचा बाल्कनच्या डोंगरांतला. थंडी जितकी कडक तितका तो खुशीत. किंबहुना थंडीचा पुरता हंगाम मिळाल्याखेरीज त्याला फूलच येत नाही, त्यामुळे आपल्या मुंबईत त्याला कोणी हिऱ्यामाणकांचे खत घातले तरी तो पानांवरच भागवील. मे महिन्यात त्याला जांभळट फुलांचे तुरे येतात आणि त्यांचा वास गल्लीभर जातो म्हणे. अमेरिकेत रॉचेस्टर गावच्या बागेत १८९२ साली ह्याच्या वीस जाती लावल्या. १८९८ मध्ये, म्हणजे आमचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले त्याच साली, तो बहर पाहायला एका रविवारी तीन हजार माणसे लोटली. तेव्हापासूनची त्याची जत्रा तिथे अजून भरते. त्याच्या नावाची हकीकत तर मला फारच आवडली. मूळ फारसी शब्द 'नीलक', म्हणजे निळसर. आणि त्याच्या मुळाशी आपला संस्कृत 'नील'. धुतलेल्या धोतराला देतात ती नीळ आणि हा साहेबी लायलॅक, दोघे एकाच शब्दाची लेकरे! आता खोड सांगायची तर बहर दोन, फार तर तीन आठवडे. बाकी वर्षभर ते एक साधे हिरवे झुडूप. त्यात पावसाळी दमट हवा झाली की पानांवर द्राक्षांवर पडते तशी भुरी पडते, आणि बुडाशी फुटवे फुटून पसारा वाढतो. मात्र चिवट असा की शंभर शंभर वर्षे जगतो. तिकडच्या खेड्यांत जुनी शेतावरची घरे पडून गेली, माणसे पांगली, दगडाचा चौथरा तेवढा उरला. पण दाराशी लावलेला लायलॅक दर मे महिन्यात फुलतो आहे, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ खाली अंगणातल्या फरशीकडे पाहत उभा राहिलो.

फॉर्सिथियाचे माहेर बहुतेक चीन-कोरियाकडचे. नाव मात्र विल्यम फॉर्सिथ नावाच्या स्कॉच माळ्याचे. १८०४ साली लंडनला जे बागायत मंडळ निघाले, त्याच्या संस्थापकांत तो होता. ह्या झुडपाची गंमत अशी की ते वसंताची वाट पाहत नाही. बर्फ वितळते न वितळते तोच, पानाचा पत्ता नसताना, नुसत्या काटक्यांवर पिवळीधमक फुले. फाल्गुनात आपला पळस किंवा पांगारा जसा पाने टाकून पेटतो, तसे. झाड थंडीला टिकते. पण कळ्या नाजूक. फार कडक हिवाळा गेला तर एक चमत्कार दिसतो: बर्फाच्या ढिगात गाडल्या गेलेल्या खालच्या फांद्या फुलांनी भरतात आणि बर्फाच्या वर राहिलेल्या कोऱ्या राहतात. बर्फ म्हणजे त्यांची गोधडी! वास जवळजवळ नाही.

ओटावा शहरात, अगदी वस्तीच्या मध्ये, १८८६ साली काढलेली सरकारी प्रायोगिक शेती आहे. ह्या दोन्ही झाडांचे नवे अवतार तिथे घडले, हे वाचून माझी पंचाईत आणखी वाढली. कारण आता दोन्ही उमेदवार गाववालेच ठरले. कळ्यासुद्धा थंडीत टिकाव धरतील अशी फॉर्सिथियाची 'नॉर्दर्न गोल्ड' ही जात तिथलीच. आणि लायलॅकच्या उशिरा फुलणाऱ्या, म्हणून शेवटच्या हिमातून वाचणाऱ्या जाती तिथे इझाबेला प्रेस्टन नावाच्या बाईने तयार केल्या. ही बाई १९१२ साली इंग्लंडहून कॅनडात आली आणि १९२० मध्ये ह्या शेतीवर कामाला लागली. वर्गात बसण्यापेक्षा मातीत हात घालून शिकली. तिने आपल्या लायलॅकांना शेक्सपिअरच्या नायिकांची नावे दिली. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नसल्याने असली माणसे भेटली की मला विनाकारण अभिमान वाटतो.

आणि आता कुळाची गोष्ट. ती बाईंनी सांगितली आणि मी चकितच झालो. लायलॅक आणि फॉर्सिथिया एकाच कुळातले; आणि ते कूळ कोणाचे? मोगऱ्याचे! जाई, जुई, कुंद, पारिजातक, शिवाय तो परदेशी ऑलिव्ह, सगळी ह्याच घराण्याची प्रजा. येत्या रविवारी मी उत्साहाने फोन केला.

"आई, दोन्ही झाडं आपल्या मोगऱ्याच्या नात्यातली निघाली!"

"हो का? मग वास?"

"लैलाला आहे. फरसबीला नाही म्हटलं तरी चालेल."

"मोगऱ्याच्या घरात जन्मून वास नाही?" आई क्षणभर थांबली आणि मग समजूत काढल्यासारखी म्हणाली, "असतं एखादं पोर तसं."

इतके सगळे कळूनही निकाल काही लागेना. माझी शाळा परळला. एक दिवस सकाळी लवकर निघून मी दादरला उतरलो आणि स्टेशनाबाहेरच्या फूलबाजारात गेलो. तिथे वसईकडून पहाटेच्या गाडीने मोगरा आणि सोनचाफा घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. आईची जुनी ओळख. दोन्ही फोटो त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ओले हात पदराला पुसून फोन हातात घेतला.

"वास हाय?" फॉर्सिथियाकडे बोट दाखवून पहिला प्रश्न.

"नाही."

"मग गजऱ्यात चालायचा नाय. देठ?"

"अगदी आखूड. फांदीला चिकटूनच."

"हारात पण नाय. मास्तर, ह्याला गिऱ्हाईक नाय." मग लायलॅकचा तुरा पाहून त्यांचा चेहरा खुलला. "हां, हे घ्या. ह्ये खपंल." आणि फोन परत देता देता, सहज, धंदेवाल्या माणसाने विचारावे तसे त्या म्हणाल्या, "किती वरसांनी फूल धरतंय?"

मी आठ दिवस अभ्यास केला होता. शेक्सपिअरच्या नायिकांपर्यंत पोचलो होतो. हे मी पाहिलेच नव्हते.

घरी येऊन पाहिले. फॉर्सिथियाचे रोप लावले की बहुधा पुढल्याच वसंतात चार फुले दाखवते. लायलॅक तसा नाही. लहान रोप नीट फुलायला तीन-चार वर्षे, कधी अधिकही.

मी मराठी आणि इतिहास शिकवतो. गणिताशी माझे कधी फारसे जमले नाही. पण ही बेरीज आपोआप झाली. शहात्तर अधिक चार. शिवाय नुकत्याच सरलेल्या जानेवारीत छातीत कळ आली म्हणून तिला दोन रात्री इस्पितळात ठेवले होते, ते मी कोणत्या आकड्यात मांडू हे मला समजेना. ती रात्र मी बराच वेळ गॅलरीत बसून काढली. मनातल्या मनात आईची वर्षे मोजणे हे पाप आहे असे मला वाटले नाही. वाईट हे वाटले की ती मोजताना मला अडखळायला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला निकाल कळवला: फॉर्सिथिया. कारणे म्हणून लांबलचक यादी दिली. लायलॅकवर भुरी पडते, फुटवे काढत बसावे लागते, बहर अल्पकाळ टिकतो, 'नॉर्दर्न गोल्ड' तुमच्याच गावची आहे. पाच-सहा मुद्दे झाले. खरे कारण तेवढे त्यात नव्हते. शाळेत पोरे निबंधात असेच करतात आणि मी लाल शाईने 'मूळ विषय कुठे आहे?' असे लिहितो.

बहिणीचे उत्तर दोन दिवस आले नाही. मग एवढेच आले: 'ठीक आहे दादा. तू म्हणतोस तसं.' तिला वाटले मी मेहुण्यांची बाजू घेतली. मला ते तसेच वाटू द्यावे असे वाटले. आणि त्या रविवारी, नेहमीच्या वेळेच्या आधीच, फोन वाजला. आईने आपण होऊन लावला होता. हे ती कधी शिकली कोण जाणे.

"तुझी यादी वाचून दाखवली मला," ती म्हणाली. "भुरी काय, फुटवे काय. एवढ्या मोठ्या यादीत लैला किती वर्षांनी फुलते ते नाही लिहिलंस."

मी गप्प.

"तू माझी वर्षं मोजलीस ना?"

"नाही गं आई, तसं काही..."

"मास्तर असून खोटं बोलतोस. मोजलीस तर मोजलीस. मी नाही मोजत? इथे बसून दुसरं करायचं काय? पण मग मला विचारायचंस."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर सोपे गेले असते. मी कसाबसा म्हणालो, "बरं, आता विचारतो. कोणतं हवं?"

"फरसबी," ती म्हणाली.

मी थक्क. "पण वास?"

"वास नाही तर नाही. ऐक. त्या शेजारच्या म्हातारीने मला परवा काटक्यांची जुडी आणून दिली. तिच्या अंगणातल्या. मला वाटलं, बाई सरपण कशाला देते आहे? इथे चूल कुठे? तिने खुणा करून कोमट पाण्यात ठेवायला सांगितलं. आठ दिवस मी रोज पाणी बदलते आहे. आज सकाळी बघते तर पिवळं डोकावतंय! बाहेर हे एवढं बर्फ, आणि घरात फूल. ती फरसबीच आहे म्हणे. मला ते हवं. मला बघायला झाड नको रे. बघून बघून डोळे पांढरे झाले. मला काहीतरी तोडायला हवं."

हेही पुस्तकात होते. मीच ते ओलांडून पुढे गेलो होतो. फॉर्सिथियाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेल्या असतात. काही आठवडे थंडी खाऊन झाली की त्या तयार. मग फांदी कापून घरात उबेला पाण्यात ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत उमलतात. म्हणजे वसंताच्या दीड-दोन महिने आधीच घरात वसंत. लायलॅकला असे फसवणे बरेच अवघड.

"आणि लैला?" मी विचारले.

"तीही लावा. मागच्या बाजूला लावा, ऊन असतं तिथे. खिडकीतून दिसली नाही तरी चालेल. वास काय, दाराआडूनही येतो. चार वर्षं लागतात म्हणून नको, हे कारण मला पसंत नाही. जिला हवी तिला लावू दे की. चार वर्षांनी तीही पन्नाशीकडे झुकेल."

मागच्या बाजूला मेहुणे लाकडी ओटा बांधणार होते. तो बेत मागे पडला. सासूबाईंनी प्रथमच काही मागितले होते, असे ते मला म्हणाले. आणि ते म्हणताना त्यांचा आवाज जरा ओला वाटला. त्यांच्याविषयी माझे मत तेव्हापासून फारच चांगले झाले आहे.

२०२४ च्या मे महिन्यात दोन्ही झाडे लागली. आता त्या घरात तंटा आहे तो कात्रीचा. मेहुण्यांचा स्वभाव टापटिपीचा. प्रत्येक झुडूप चेंडूसारखे गोल दिसावे अशी त्यांची इच्छा. पण ही दोन्ही झाडे जुन्या फांदीवर फुलतात. बहर संपताच छाटली तर ठीक, पानगळीच्या दिवसांत छाटली की पुढच्या वर्षीची फुलेच कापली गेली. आईला हे पटवायला वेळ लागला, कारण तिचा सगळा अनुभव मोगऱ्याचा. मोगऱ्याला संक्रांतीच्या सुमारास बोडका करायचा, पाणी तोडायचे आणि मग उन्हे तापू लागली की नव्या फुटीवर कळ्या. "एका घराण्यातली, आणि रीत उलटी?" असे ती म्हणाली, पण एकदा पटल्यावर ती आता मेहुण्यांची कात्री स्वतःच्या खुर्चीखाली ठेवते.

लैलाला अजून फूल नाही. ती माझ्या कमरेएवढी झाली आहे असे बहीण सांगते. ऑगस्टात भुरी पडली तेव्हा फोटो पाठवून माझे अभिनंदन करण्यात आले.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला होता. त्याच्या दोन आठवडे आधी, पायांत मेहुण्यांचे मोठे बूट चढवून आई सुनेसारखी हळूहळू पायरी उतरली, म्हातारी शेजारीण एका हाताला आणि बहीण दुसऱ्या हाताला. झाड अजून पोर. चार काटक्या तोडायच्या असे ठरले होते. आईने सात तोडल्या. पाडव्याला आमच्याकडे संध्याकाळ झाली तेव्हा तिकडे सकाळ होती. मी फोन लावला. खिडकीच्या आत गुढी उभी होती. तांब्या, तिचे जुने हिरवे लुगडे, मी गिरगावातून एका ओळखीच्याबरोबर पाठवलेली साखरेची गाठी, आणि कडुनिंबाच्या जागी त्या सात काटक्या, नखशिखांत पिवळ्या. काचेपलीकडे सारे पांढरे. देवापुढच्या ताम्हनातही चार पिवळी फुले होती. अक्षता होत्याच, पण त्या अक्षतांच्या जागी होत्या.

"छान दिसते गं," मी म्हणालो.

"दिसते. वास नाही मेलीला," आई म्हणाली. "ते राहू दे. मोगरा छाटलास का संक्रांतीला?"

छाटला नव्हता. सहामाही, सराव परीक्षा, पेपर तपासणे ह्यांत संक्रांत निघून गेली होती. मी तसे सांगितले. मग मला जे ऐकावे लागले ते इथे देत नाही.

"आता हात लावू नकोस," शेवटी ती म्हणाली. "उशीर झाला. जुन्या फांदीवरसुद्धा चार-दोन येतील. जा, गॅलरीत जाऊन बघ, किती कळ्या आहेत ते मोजून ये. मोजायला तुला येतं. मी फोन धरते."

मी गॅलरीत गेलो. अंधार पडत आला होता. एकेक फांदी उजेडाकडे वळवून पाहावी लागली. अकरा होत्या. खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजल्या. मग सवयीने तांब्याभर पाणी घातले. हात जरा सैल सुटला असावा, कारण लगेच खालच्या मजल्यावरून काकूंची हाक आली.